बार आणि लपण

लपणात बसून हिवाळी बदके न्याहाळणे हा अगदी निरुपद्रवी छंद वाटतो. त्याचा वंश शोधू गेले की मात्र आपण थेट बंदुकीपाशी पोचतो. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव पाणथळीइतका याचा ढळढळीत पुरावा मला दुसरीकडे आढळला नाही.

तेथे देवळाजवळ दगडी पाट्या आहेत. शिकारीची तारीख, सन्माननीय पाहुणा, बंदुका, मारलेले पक्षी असे रकाने पाडून १९०२पासूनचा हिशेब त्यांवर कोरला आहे. १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो, पक्षी ४,२७३. एका दिवसात! पक्षिगणनेच्या साधनांत मी या पाट्यांनाही जागा देतो. मोजदाद मेलेल्यांची आहे, इतकेच.

हे पाणीही शिकारीसाठीच राखलेले. अजान बांधाचे पाणी कालव्याने आणून, मधे बांध घालून संस्थानाने उथळ तळी केली. तलवार बदके, थापट्या, चक्रांग, वारकरी तेथे थव्यांनी उतरत. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. म्हणून माणसाचा आकार झाकणारा आडोसा हवाच, हातात बंदूक असो की दुर्बीण.

सलीम अलींसारख्यांच्या आग्रहामुळे १९५६ साली अभयारण्य झाले. तरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२पर्यंत टिकला. आजूबाजूच्या गावकऱ्यांच्या हक्काला एवढी सवड मिळाली नाही. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले, म्हशींची चराई बंद झाली, आणि त्यावरून उसळलेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. भरतपूरवरच्या कौतुकाच्या लेखांत ही ओळ बहुधा गाळलेली असते. हिशेबाची पाटी अर्थात फक्त पक्ष्यांची.

पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून निघाले ते भलतेच. म्हशी गेल्यावर पाणगवत माजले, मोकळे पाणी आक्रसले आणि बदकांना उतरायला जागा कमी पडू लागली. म्हैस पाण्याची राखण करत होती. उपद्रवी मानून हाकलले ते तिलाच. चराईबंदीचा आग्रह धरणाऱ्यांत सोसायटीही होती, तरी तिने हा निष्कर्ष छापला, हे नोंदवले पाहिजे. नंतर गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. म्हशी मात्र कागदोपत्री बाहेरच राहिल्या.