पाळण्यातले पाय आणि बडोद्याची मोजपट्टी

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. पण ते पाय नीट मोजून ठेवून, तेच मूल मोठं झाल्यावर कुणी पडताळा घेतला का? घेतला. अमेरिकेत बर्कलीला नॅन्सी बेली या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्ये ६१ तान्ह्या बाळांपासून एक अभ्यास सुरू केला. पहिलं सव्वा वर्ष दर महिन्याला तपासणी, मग थोड्या अंतरानं, आणि पुढे ती बाळं कर्ती-सवरती होईपर्यंत बाईंनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. हाती आलं ते म्हणीला न मानवणारं होतं. पहिल्या वर्षातल्या गुणांवरून शाळकरी वयातल्या बुद्ध्यंकाचा अंदाज जवळजवळ बांधताच येत नव्हता.

गंमत अशी, की ज्या तपासणीनं म्हण खोटी पाडली ती तपासणी मात्र टिकली. बुद्धीचं भाकीत करता येत नसलं, तरी आज हे बाळ त्याच्या वयाच्या मानानं कुठे आहे, एवढं तिच्यातून नीट कळत होतं. डॉक्टरांना तेवढंच हवं असतं. या तपासणीची एक शाखा पुढे बडोद्यात रुजली, तिथून तिरुअनंतपुरमला गेली आणि देशभरच्या दवाखान्यांत पसरली. मानसशास्त्रात संशोधन कसं करतात, हे शिकवायला मला कुणी सांगितलं, तर मी पाठ्यपुस्तकातल्या व्याख्या बाजूला ठेवून ही बडोद्याची गोष्ट सांगेन.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १९०५ मध्ये पॅरिसला बिने आणि सिमाँ यांनी पहिली बुद्धिमापन चाचणी केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं हुडकण्यासाठी. भारतात लाहोरच्या हर्बर्ट राइस यांनी १९२९ मध्ये तिचं हिंदुस्तानी रूप छापलं. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी कानडी आणि मराठी मुलांसाठी ती बेतून घेतली. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० चं, आणि ‘बिने-कामत’ हे नाव अजूनही समुपदेशकांच्या तोंडी असतं. पण या सगळ्या चाचण्या बोलत्या मुलांच्या. ज्याला अजून मानही धरता येत नाही, त्याला प्रश्न विचारणार कसा? अमेरिकेत येल विद्यापीठाच्या आर्नोल्ड गेझेल यांनी त्यावर तोडगा काढला होता : विचारू नका, बघा. त्यांची बाळं १०७, बहुतेक एकाच शहरातली, मध्यमवर्गीय गोऱ्या घरांतली. पुढे कित्येक वर्षं जगभरचे लोक आपापल्या मुलांना या १०७ जणांच्या शेजारी उभं करून कोण पुढे, कोण मागे, हे ठरवत राहिले.

अशी मापं बडोद्याच्या हाती पडली, तेव्हा तिथली जमीन तयार होती. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. सक्ती करायची तर कोणत्या घरात कोणत्या वयाचं मूल आहे, हे दरबाराला ठाऊक हवं. मुलांच्या नोंदी ठेवण्याची सवय त्या गावाला तेव्हापासूनची. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं, हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि नव्या विद्यापीठात गृहविज्ञानाची विद्याशाखा आली. गृहविज्ञान म्हणजे लग्न ठरेपर्यंत मुलीनं शिकायचा विषय, असं दांडिया बाजारातल्या आणि रावपुऱ्यातल्या मराठी घरांतही बोललं जायचं. त्याच विद्याशाखेत बालविकासाचा विभाग होता. देशातल्या मानसशास्त्राच्या थोरामोठ्या विभागांत अमेरिकन पुस्तकांची पारायणं चालली असताना या विभागातल्या बायका तान्ही मुलं मोजत होत्या. भारतीय मानसशास्त्राच्या इतिहासात त्यांना मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यात ठळक नाव प्रमिला फाटक यांचं. त्यांच्या कामाची एक बाजू चित्रांची. फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी १९२६ मध्ये एक साधी चाचणी काढली होती : मुलाला कागद-पेन्सिल द्यायची, माणूस काढ म्हणायचं, आणि डोकं, मान, हात, बोटं, कपडे काय काय आलं त्याला ५१ मुद्द्यांवर गुण द्यायचे. भाषा लागत नाही, म्हणून ती कुठेही चालेल असं वाटलं. पण धोतर नेसलेल्या माणसाचं चित्र काढणाऱ्या मुलाला पायांचे गुण द्यायचे की नाहीत? ज्या घरात पेन्सिलच नाही, तिथल्या मुलाच्या थरथरत्या रेघेला कमी बुद्धी म्हणायचं की कमी सराव? खुद्द गुडइनफ यांनी १९५० मध्ये डेल हॅरिस यांच्यासोबत लिहून टाकलं, की कोणत्याही संस्कृतीचा स्पर्श नसलेली चाचणी शोधणं हा भ्रम आहे. आपल्याच हातची चाचणी इतक्या मोकळेपणानं खाली ठेवणारे संशोधक थोडे. फाटक यांनी ही चाचणी टाकून न देता गुजरातमधल्या मुलांची चित्रं जमवून तिची इथली मोजपट्टी तयार केली.

दुसरी बाजू तान्ह्या बाळांची. बेली यांच्या तपासणीची बाजारात आलेली पेटी १९६९ ची, आणि तिची अमेरिकन मानकं १,२६२ मुलांवर बेतलेली. त्याच १९६९ मध्ये ‘इंडियन पीडिॲट्रिक्स’ मासिकात एक ते तीस महिन्यांच्या भारतीय बाळांच्या वाढीवर फाटक यांचा लेख आला. म्हणजे पेटी छापून बाहेर पडण्याआधीच बडोद्यातलं काम बरंच पुढे गेलेलं होतं.

या कामात कष्ट कुठे असतात, ते एका साखरेच्या गोळीवरून सांगतो. बाळाला आईच्या मांडीवर, टेबलापाशी बसवायचं आणि समोर इवलीशी गोळी ठेवायची. पाच-सहा महिन्यांचं बाळ सगळा पंजा टेबलावर ओढत गोळी जवळ करू पाहतं. पुढच्या महिन्यांत अंगठा मदतीला येतो. नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमाराला अंगठा आणि तर्जनी यांची टोकं जुळतात आणि गोळी चिमटीत येते. ऐकायला सोपं आहे. पण आत्ता जुळली ती टोकं होती की बोटाची बाजू? एकदा जमलं, दोनदा सुटलं, तर खूण कोणती करायची? शेजारी बसलेल्या दुसऱ्या परीक्षक बाईंनी स्वतंत्रपणे तीच खूण केली, तर माप भरवशाचं. दोघींच्या खुणा वेगळ्या आल्या, तर चूक बाळाची नव्हे, नियमाची. तो पुन्हा लिहायचा. गोळी किती अंतरावर ठेवायची, किती वेळा संधी द्यायची, बाळ झोपेला आलेलं असेल तर काय करायचं, हे सगळं आधी ठरलेलं असावं लागतं. आणि आई हमखास म्हणणार, ‘‘घरी करतो हो अगदी, इथेच काय झालंय त्याला!’’ आई खोटं बोलत नसते. पण परीक्षकाला आपल्या डोळ्यांनी दिसलं त्याचीच खूण करायची असते, कारण प्रत्येक आईची ‘अगदी’ वेगळी.

मग वय. पत्रिका मांडणाऱ्या घरात बाळाची जन्मवेळ घटका-पळांसकट मिळते. दुसऱ्या घरात ‘दिवाळीच्या आधी झाला’ एवढंच. सहा महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत पंधरा दिवसांची चूकही भारी पडते, कारण विकासांक म्हणजे विकासाचं वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. दहा महिन्यांचं बाळ आठ महिन्यांच्या बाळासारखं वागलं तर अंक ८०. वीस महिन्यांचं अठरासारखं वागलं तर ९०. मागे पडणं दोन महिन्यांचंच, पण अंक निराळा. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचं वय कुठून मोजायचं, हा आणखी वेगळा प्रश्न.

बडोद्यानं आणखी एक अवघड वाट धरली. एका दिवशी एक महिन्याची शंभर, दोन महिन्यांची शंभर अशी वेगवेगळी मुलं तपासून तक्ता भरता येतो. ते स्वस्त आणि झटपट. बडोद्याच्या अभ्यासात तीच मुलं पुन्हापुन्हा तपासली गेली. त्याला वेळ लागतो, कुटुंबं गाव सोडतात, आया कंटाळतात. पण एकच बाळ रांगण्याकडून चालण्याकडे कसं गेलं, मध्येच कुठे थबकलं, हे त्याशिवाय दिसत नाही.

यातून आलेल्या मोजपट्टीत १६३ बाबी मानसिक वाढीच्या आणि ६७ हालचालींच्या. आज तिचं नाव ‘डासी’. प्रत्येक बाबीपुढे वय दिलेलं असतं, आणि गैरसमज सुरू होतो तो इथेच. ते वय म्हणजे निम्म्या मुलांना ती गोष्ट जमली तो महिना. उरलेली निम्मी, पूर्ण निरोगी मुलं, त्या दिवशी मागेच असतात. तसं असलं म्हणूनच तर ते मधलं वय. आपल्याकडे मात्र तो महिना टळला की घरात धास्ती सुरू होते, जावेच्या मुलाशी तुलना होते, माळ्यावरचा पांगुळगाडा खाली येतो.

दवाखान्यात २३० बाबी तपासायला सवड कुणाला? म्हणून बडोद्याच्याच मानकांतून छोट्या चाळण्या निघाल्या. १९९१ मध्ये ए. टी. फाटक आणि बी. खुराना यांची ५४ बाबींची ‘बडोदा विकास चाळणी’ प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्रातून एम. के. सी. नायर आणि सहकाऱ्यांचा तक्ता आला. त्यात बाबी फक्त १७ : ओळखीचं हसण्यापासून बाहुलीचे अवयव दाखवण्यापर्यंत. प्रत्येक बाबीपुढे आडवी पट्टी, तिचं डावं टोक म्हणजे ३ टक्के मुलांना जमलं ते वय, उजवं टोक म्हणजे ९७ टक्के मुलांना जमलं ते. बाळाच्या वयाची उभी रेघ मारायची. जिची पट्टी रेघेच्या डावीकडेच संपली अशी एखादी बाब जमत नसेल, तर पुढची तपासणी. पाच मिनिटांत काम होतं. हा तक्ता मला फार आवडतो, कारण सगळी मुलं एकाच महिन्यात एकच गोष्ट करत नाहीत, हे त्यात चक्क रेघ ओढून दाखवलंय.

पण चाळणीत खडे अडकतात तसे चांगले दाणेही अडकतात. या तक्त्याचा पडताळा पाहिला, तेव्हा विलंब असलेल्या मुलांपैकी सुमारे ६७ टक्के त्यानं पकडली आणि विलंब नसलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के बरोबर सोडून दिली. आता हिशेब करू. समजा, १,००० मुलांत ३० जणांना खरोखर विलंब आहे. तक्ता त्यांतली २० पकडेल, आणि उरलेल्या ९७० मधली दोनशेच्या वर विनाकारण अडकवेल. म्हणजे ज्यांना ‘पुढे तपासा’ म्हटलं, त्या अकरांत जेमतेम एकाला खरी अडचण. हा तक्त्याचा दोष नव्हे. विरळ गोष्ट शोधणाऱ्या कुठल्याही चाळणीचं असंच होतं. आणखी एक बारीक खोच : हा पडताळा ज्या चाचणीशी ताडून घेतला, ती डेन्व्हर चाचणी १९६७ ची, अमेरिकन, आणि तीही चाळणीच.

बर्कलीची मुलं म्हणजे जगातली मुलं नव्हेत, असं म्हणून बडोद्यानं आपली मुलं मोजली. तोच प्रश्न बडोद्यालाही विचारायला हवा. एका शहरातल्या बाळांचे आकडे गडचिरोलीच्या किंवा धारावीच्या बाळाला कितपत लागू? ‘आधार घेऊन जिना चढतो’ ही बाब बैठ्या घरात वाढणाऱ्या बाळाला जिन्याअभावी जमणार नाही. पायांत काही कमी असेलच असं नाही. रोज तेल-मालीश होणारं बाळ आणि दिवसभर मोठ्या बहिणीच्या कडेवर असणारं बाळ, दोघांचे हातपाय एकाच वेळी सारखे सुटतील, असं गृहीत का धरावं? हे प्रश्न विभागालाही सुचत असणार. १९९६ मध्ये प्रमिला फाटक आणि एन. मिश्र यांनी सुधारित बडोदा मानकं जाहीर केली, ती देशी साहित्य वापरून. त्यालाही आता तीस वर्षं होत आली. मधल्या काळात मुलांचा आहार बदलला, घरं बदलली, हातात खुळखुळ्याच्या जागी मोबाईल आला. आपल्या मुलांची मोजणी नव्यानं, आणि एकाहून अधिक गावांत, व्हायला हवी. ते काम कुणा एका विद्यापीठाच्या हौसेवर सोडण्याजोगं नाही.

तोवर एक सांगणं. तुमच्या नातवाची किंवा शेजारच्या बाळाची खूण तक्त्याच्या रेघेबाहेर गेली, तर ते निदान समजू नका. आणि ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ म्हणत घरीही बसू नका. चाळणीत अडकलेल्या अकरांपैकी तो एक कोण, हे पूर्ण तपासणीशिवाय कळत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला, आणि विकासातला विलंब शोधणं हे त्याच्या चार मुख्य कामांपैकी एक आहे. त्यासाठी जिल्हा पातळीवर ‘डीईआयसी’ नावाची केंद्रं काढली आहेत, आणि तिथली तपासणी मोफत असते.