भाग ३७ : जीवधनच्या माथ्यावरून नक्की काय बघायचं?



जीवधनचे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. कड्याच्या टोकाला पाय सोडून बसलेलं कुणीतरी, समोर वानरलिंगीचा सुळका, खाली ढग. कॅप्शन ठरलेलं, 'काय व्ह्यू आहे यार!' व्ह्यू भारी आहे, त्यात वादच नाही. पण आजचा प्रश्न वेगळा आहे. हा व्ह्यू मुळात कुणासाठी होता? इतक्या अडचणीच्या डोंगरावर पायऱ्या खोदून, दरवाजे बांधून, धान्य साठवून माणसं का राहत होती? त्यांना सूर्यास्त बघायचा नव्हता, हे नक्की.

आधी वाट समजून घेऊ. जुन्नरहून घाटघरला यायचं. तिथून बहुतेक ग्रुप थेट जीवधनला भिडतात, आणि जमलंच तर शेवटी नाणेघाटात फोटो काढतात. माझं म्हणणं असं, की ही फेरी उलटी करा. आधी नाणेघाट, मग पठारावरून वानरलिंगीच्या बाजूने कल्याण दरवाजा, माथा, आणि जुन्नर दरवाज्याने खाली परत घाटघर. कारण इतिहास त्याच क्रमाने घडलाय. आधी रस्ता आला, किल्ला नंतर.

तर पहिला थांबा नाणेघाट. कोकणातून देशावर चढणारी ही दगडात कोरलेली वाट साधारण दोन हजार वर्षं जुनी आहे. खाली कल्याणचं बंदर, वर जुन्नर, आणि पुढे पैठण, म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याण आणि पैठण ही दोन्ही नावं येतात. जुन्नरच्या लेण्यांमध्ये तर यवनांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. म्हणजे परदेशी माणसं नुसती बंदराला लागून परत जात नव्हती, घाट चढून वर येत होती. नाणेघाट हा त्या काळातला हायवे होता म्हणा ना!

घाटाच्या तोंडाशी एक गुहा आहे. लोक आत डोकावतात, 'अंधार आहे रे' म्हणतात आणि निघतात. थांबा जरा. तिथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक मोठा लेख आहे. तो सातकर्णीची राणी नागनिका हिचा मानतात. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आता उरल्यात पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं. सिमुक, नागनिका, सातकर्णी, राजकुमार... चेहरे गेले, लेबलं राहिली.

लेखात काय आहे? सुरुवातीला देवांना वंदन, त्यात इंद्र आहे, संकर्षण-वासुदेव आहेत, चंद्र-सूर्य आहेत. मग यज्ञांची यादी, अश्वमेधासकट. आणि प्रत्येक यज्ञाला काय दक्षिणा दिली त्याचा हिशोब. गायी किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण नावाची नाणी किती. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी हा लेख वाचला, तेव्हा अभ्यासकांचं लक्ष या आकड्यांनी वेधलं. भारतातल्या अंकलेखनाच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांपैकी हा एक आहे.

इथे आमच्यासारख्या कोडिंगवाल्यांना मजा येते. या अंकांमध्ये शून्य नाही, आणि स्थानिक किंमतही नाही. २४,४०० लिहायचे तर वीस हजाराचं एक चिन्ह, चार हजाराचं एक, चारशेचं एक, अशी चिन्हं शेजारी शेजारी ठेवायची. हजाराच्या चिन्हाला चारचं चिन्ह जोडलं की झाले चार हजार. साधी, पण चालणारी सिस्टिम.

आता एक गोष्ट नीट ऐका. घाटाच्या वरच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. 'जगातला पहिला टोलनाका, यात जकातीची नाणी टाकायचे' असं प्रत्येक गाईड सांगतो, प्रत्येक रीलमध्ये असतं. शक्य आहे. पण नागनिकेच्या लेखात जकातीबद्दल काही नाही, तिथे यज्ञ आणि दान आहे. मग या लेखातून आपल्याला काय कळतं? तर राजघराण्याने आपली नावं, पुतळे आणि आपण किती दिलं याचा हिशोब राजधानीत न लावता घाटाच्या तोंडावर लावला. का? कारण सगळी ये-जा तिथून होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळलं पाहिजे, की हा रस्ता कुणाचा आहे. रांजणाच्या गोष्टीपेक्षा मला हे जास्त पटतं.

चला, आता पठारावरून पुढे. वानरलिंगी जवळ येते, तिला 'खडा पारशी' असंही म्हणतात. मग झाडीतून चढ, दगडधोंड्यांची नाळ, कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि दगडांनी अर्धा बुजलेला कल्याण दरवाजा. दुसऱ्या बाजूला उतरताना जुन्नर दरवाजा लागतो. या दोन नावांकडे लक्ष द्या. एक दरवाजा बंदराच्या दिशेचा, दुसरा बाजारपेठेच्या दिशेचा. हा किल्ला कशासाठी आहे, ते दरवाज्यांची नावंच सांगतात.

आणि मग माथा. समोर घाटाची खिंड आणि नानाचा अंगठा. खाली कोकण. उत्तरेला हरिश्चंद्रगड, दक्षिणेला ढाकोबा आणि दुर्ग, पूर्वेकडे चावंड. नुसते फोटो काढू नका, पहारेकऱ्याच्या नजरेने बघा. घाटातून कोण वर येतंय, किती बैल आहेत, माल आहे की फौज आहे, सगळं इथून दिसतं. ज्याच्या हातात जीवधन, त्याची नजर घाटावर. म्हणून तर १६३६ मध्ये माहुलीच्या तहात शहाजीराजांकडून मुघलांनी जे किल्ले मागून घेतले, त्यांत जीवधनही होता.

माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि एक दगडी धान्यकोठार. आत टॉर्च मारून बघा, कमळाचं कोरीव काम आहे. म्हणजे पहारा वर्षभराचा होता, पावसाळ्यातही.

मग हे सगळं संपलं कसं? १८१८ मध्ये पेशवाई गेली. इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. जीवधनच्या वाटा तुटल्या त्या तेव्हाच. आज जिथे तुम्ही दोर लावून, एकमेकांना हात देत कातळटप्पा चढता, तिथे पूर्वी सरळ पायऱ्या होत्या. आपल्याला जो 'थ्रिल' वाटतो, तो एका पराभवाचा उरलेला भाग आहे.

पण माझ्या मते किल्ल्याचा खरा शेवट सुरुंगाने केला नाही. १८३० मध्ये बोरघाटातून पक्का रस्ता सुरू झाला, १८६३ मध्ये तिथूनच रेल्वे वर आली. वाहतूक तिकडे वळली. नाणेघाटात राखण्यासारखं काही उरलं नाही, मग राखणारा किल्ला कशाला? पायऱ्या पुन्हा बांधता आल्या असत्या. कुणाला गरजच नव्हती.

म्हणून सांगतो, जाल तेव्हा आधी गुहेत दहा मिनिटं द्या. भिंतीला हात लावू नका, खडूने अक्षरं गिरवू नका, स्वतःचं नाव तर अजिबात कोरू नका. पुतळे गेलेच आहेत, निदान अक्षरं तरी पुढच्यांना वाचता येऊ द्या. भर पावसात कातळटप्प्यावर हिरोगिरी नको, आणि वाट माहीत असलेलं कुणीतरी सोबत असू द्या.

आणि वर पोचल्यावर फोटो काढाच. पण कॅमेरा एकदा सुळक्यावरून हटवून त्या खिंडीकडेही वळवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, चालत राहा.