धरमपेठेंतील मोकळी खोली

नागपूरच्या धरमपेठेंत आज एखाद्या नव्या सदनिकेंत पाऊल टाकावें, तों पांढऱ्या भिंती, कांचेच्या मोठ्या खिडक्या, एखादें बैठें आसन व कोपऱ्यांत एकच कुंडी दिसते. बाकी सर्व मोकळें. या सजावटीस ‘मिनिमलिस्ट’ म्हणतात व ती परदेशांतून आली असें समजतात. व्हिएन्नाच्या अडॉल्फ लोस या स्थापत्यकारानें विसाव्या शतकाच्या आरंभीं अलंकरणाविरुद्ध लेखणी उचलली, हें खरेंच. परंतु आपल्या घरांतील मोकळेपण त्याहून जुनें आहे.

आपल्या पणजोबांच्या माजघरांत सामान तें काय असे? पाट जेवणापुरते मांडावयाचे, जाजम बैठकीपुरतें अंथरावयाचें, वळकटी रात्रीपुरती उलगडावयाची. काम सरलें कीं सर्व पुनः भिंतीशीं. एकच खोली दिवसांतून अनेक वेळां भरे व तितक्याच वेळां रिकामी होई. पुढें इंग्रजी अमदानींत टेबलें, कोच व कांचेचीं कपाटें आलीं आणि तीं कायमचीं ठाण मांडून बसलीं.

या संदर्भांत १९३६ हें साल ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा होऊन शहराच्या आखीव वाढीस अधिष्ठान मिळालें. त्याच वर्षीं सुमारें ७५ किलोमीटरांवर, वर्ध्याजवळच्या शेगांवीं गांधीजी राहावयास आले. त्या गांवास १९४० पासून सेवाग्राम म्हणतात. तेथील बापू-कुटी माती, बांबू व गांवठी कवेलूंची; आंत चटई व बैठें मेज. मूळ ही झोपडी मीराबेन यांची. त्यांनीं भिंतीच्या मातींतच उठावाचीं ताडाचीं झाडें व चरखा काढला. साधेपणा म्हणजे सौंदर्याशीं वैर नव्हे, हें त्यावरून दिसतें. १९७८ सालीं इव्हान इलिच हा विचारवंत या कुटींत येऊन बसला; माणसाचें घर आणि सामान ठेवण्याची जागा यांतील भेद त्यानें तेथें मांडला.

कुटीचें छप्पर खालीं उतरतें व पडवीमुळें ऊन थेट आंत शिरत नाहीं. आमच्या सदनिकांनीं मात्र पडवी व छज्जा हींच अनावश्यक ठरविलीं. वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हां उजेडासाठीं ठेवलेल्या कांचांवर दिवसभर जाड पडदे ओढावे लागतात आणि भिंतीवरील यंत्र अहोरात्र घरघरतें. काय काढावें व काय ठेवावें, याचा विवेक येथें चुकला असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

आणखी एक गोष्ट. जुनी खोली मोकळी होती, ती कोणी तरी यावयाचें होतें म्हणून. लग्नकार्यास गांवाकडून दहा माणसें आलीं असतां ज्या दिवाणखान्यांत निःसंकोच सतरंज्या पसरतां येतात, त्याचा मोकळेपणा आपल्या परंपरेचा आहे. पाहुण्यांच्या बोजानें शोभा बिघडेल या धास्तीनें जो रिकामा राखावयाचा, त्यांत कोच नसला तरी अडगळ आहेच.