हरलं की डबल लावायचं? ब्लॅकजॅकचा हा फॉर्म्युला कॉम्प्युटरवर खेळून बघितला तर काय होतं

सोलापुरात सात रस्ता म्हणजे खासगी ट्रॅव्हल्स पकडायचा ठरलेला थांबा. समजा, चार मित्र तिथे रात्री गोव्याच्या गाडीची वाट बघत उभे आहेत. एकाच्या खिशात ₹12,700 आहेत आणि डोक्यात कॅसिनोचा फॉर्म्युला. “पहिला डाव ₹100 चा. हरलो की ₹200, मग ₹400. कधीतरी जिंकणारच की बे! जिंकलो की मागचं सगळं वसूल, वर ₹100 फायदा.”

ऐकायला हिशेब बिनतोड वाटतो. पण तो तपासायला गोव्याला जायची गरज नाही. हाच डाव कॉम्प्युटरला लाखो वेळा खेळायला लावायचा आणि शेवटी खिशात काय उरलं ते मोजायचं. यालाच सिम्युलेशन म्हणतात. पत्ते, पैसे सगळं खोटं, नियम मात्र खरे.

गंमत म्हणजे ही पद्धत जन्मालाच पत्त्यांतून आली. 1946 मध्ये स्टॅनिस्लाव उलाम हा गणितज्ञ आजारपणातून बरा होत असताना एकट्याने सॉलिटेअर खेळत होता. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढणं किचकट जात होतं. मग त्याला सुचलं की शंभर डाव खेळून सुटलेले मोजले तर? पुढे त्याने आणि जॉन फॉन नॉयमन यांनी हीच युक्ती अणुसंशोधनातल्या आकडेमोडीसाठी वापरली, आणि तिला नाव मिळालं कॅसिनोसाठी प्रसिद्ध असलेल्या मॉन्टे कार्लोचं.

ब्लॅकजॅकमध्ये पत्त्यांची बेरीज 21 च्या जवळ न्यायची असते, पण 21 ओलांडली की डाव गेला. राजा, राणी, गुलाम प्रत्येकी 10 चे, एक्का 1 किंवा 11 चा. डीलरचा एक पत्ता उघडा दिसतो. तो बघून ठरवायचं, आणखी पत्ता ओढायचा की थांबायचं. खेळाडू आधी खेळतो, त्यामुळे तो फुटला की त्याचे पैसे लगेच जातात, मग डीलर नंतर फुटला तरी उपयोग नाही. कॅसिनोची कमाई मुख्यतः याच एका नियमात आहे.

1956 मध्ये अमेरिकन लष्करातल्या चौघांनी साध्या आकडेमोडीच्या यंत्रांवर या खेळाचं जवळपास अचूक धोरण काढलं. मग एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने आयबीएम 704 कॉम्प्युटरवर आणखी खोल हिशेब केला आणि 1962 मध्ये ‘बीट द डीलर’ हे पुस्तक आलं. आयबीएममधल्या ज्युलियन ब्राउनने ती आकडेमोड अजून घासूनपुसून घेतली. तेव्हा ज्याला अख्खी खोली भरून यंत्र लागायचं, ते आज कॉलेजचा पोरगा लॅपटॉपवर पायथनमध्ये करू शकतो: पत्ते पिस, वाट, ठरलेल्या नियमाने खेळ, निकाल लिही, पुन्हा पिस.

डाव किती खेळायचे, इथे मात्र बरेच जण फसतात. 10,000 डाव भरपूर वाटतात, कारण टेबलावर बसून तेवढे खेळायला कित्येक दिवस जातील. पण तेवढ्यात सरासरी उत्तर ₹100 मागे ₹1 पेक्षा जास्त इकडेतिकडे हलू शकतं. आणि नीट खेळणाऱ्याकडून कॅसिनो चांगल्या नियमांत ₹100 मागे साधारण 50 पैसेच काढतो. म्हणजे मोजायची वस्तू लहान आणि मोजपट्टी जाड! काही लाख डावांनंतर चित्र दिसायला लागतं, एक कोटी डावांनंतर ते ठाम होतं.

पत्ता ओढायचा की थांबायचं, याने फरक पडतो हे नक्की. डीलरची नक्कल करत, म्हणजे 17 होईपर्यंत ओढत राहणारा माणूस ₹100 मागे साधारण ₹5.50 घालवतो. कोष्टकाप्रमाणे खेळणारा 50 पैसे. हातात 16 आणि डीलरचा 10 दिसतोय, ही सगळ्यांत वाईट जागा. ओढला काय, थांबलात काय, सरासरी निम्म्याहून जास्त पैसे जातात. दोन्हींतला फरक ₹100 मागे काही पैशांचा आहे आणि तो पकडायला ही एकच परिस्थिती कोट्यवधी वेळा खेळावी लागते.

आता डबलचा फॉर्म्युला. सोपं जावं म्हणून ब्लॅकजॅक बाजूला ठेवू आणि नाणं घेऊ, पूर्ण प्रामाणिक, छापा-काटा निम्मं-निम्मं. 100, 200, 400, 800, 1600, 3200, 6400. सात पायऱ्या, बेरीज बरोबर ₹12,700. सलग सात हारी 128 पैकी एका वेळी येतात. उरलेल्या 127 वेळा प्रत्येकी ₹100 मिळाले, तर झाले ₹12,700. आणि त्या एका वेळी गेले ₹12,700. शिल्लक शून्य. नाणं प्रामाणिक असताना शून्य! ब्लॅकजॅकमध्ये पारडं किंचित कॅसिनोकडे झुकलेलं असतं, त्यामुळे तिथे ते शून्याच्या खाली जातं.

मग हा फॉर्म्युला इतका चालतो असं का वाटतं? शंभर जणांना प्रत्येकी 200 वेळा नाणं उडवायला लावा. साधारण 46 जणांना सलग सात हारी एकदाही लागणार नाहीत आणि ते जवळपास ₹10,000 जिंकून घरी येतील. उरलेल्या 54 जणांचे ₹12,700 एकाच फटक्यात जातील, आधी थोडंफार कमावलं असेल तेवढंच हातात. नाक्यावर किस्सा ऐकू येतो तो पहिल्या 46 जणांचा. आठवी पायरी चढू म्हटलं तर ₹12,800 आणखी हवेत, शिवाय टेबलावर कमाल रकमेची मर्यादा असतेच.

पैसे कमी-जास्त लावण्याचा एकच प्रकार सिम्युलेशनमध्ये टिकतो, तो म्हणजे पत्ते मोजणं. 2 ते 6 गेले की +1, दहाचे पत्ते आणि एक्के गेले की −1. बेरीज वर गेली म्हणजे उरलेल्या कॅटमध्ये मोठे पत्ते जास्त आहेत आणि पारडं खेळाडूकडे कलतं. फायदा तेव्हाही एखाद्या टक्क्याचाच असतो. टेबलावर पत्ते सतत पिसणारं मशीन असेल, तर तोही गेला.

मटक्याशी तुलना केली तर ब्लॅकजॅक दयाळूच म्हणायचा. दहा आकड्यांतला एक लागला की रुपयाला नऊ, हा मटक्याचा रूढ भाव. म्हणजे ₹100 मागे सरासरी ₹10 गेले. तिथे चार्ट काढून काही हाती लागत नाही, कारण ठरवण्यासारखं काहीच नसतं.

महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्दही झाला. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. म्हणून सोलापूरकराला गोवा गाठावं लागतं. तिथल्या टेबलावर एक ओळ आधी वाचावी: पहिल्या दोनच पत्त्यांत 21 झाले तर ₹100 वर ₹150 देतात की ₹120. प्रोग्रॅममध्ये तेवढा एक आकडा बदलला, की कॅसिनोचा वाटा ₹100 मागे आणखी ₹1.40 ने वाढलेला दिसतो.