धक्का मंडळ



ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईहून भाच्याचा फोन आला. "मामा, तुमच्या पांढरीच्या सगळ्या बहिणी आज रिटायर झाल्या!" मला आधी काही बोध होईना. मग त्याने उलगडा केला. मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती. टॅक्सीला मुदत वीस वर्षांची. ती भरली, आणि ३० तारखेपासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली.

आमची गाडी पद्मिनीच. १९७८ चे मॉडेल. रंग पांढरा, म्हणून घरात तिचे नाव 'पांढरी'. सध्या ती घनसावंगीत घराच्या मागे, लिंबाखाली पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. धाकटा पुतण्या दर दिवाळीला विचारतो, "काका, हिचे काय करायचे?" त्याचा प्रश्न रास्त आहे. जागा अडते, शेळ्या टपावर चढतात आणि भंगारवाला वर्षातून दोनदा चौकशी करून जातो. या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मास्तरकीची खोड, थोडा इतिहास सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपला हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळी इकडच्या खेड्यात मोटार म्हणजे साहेबाची किंवा सर्व्हिसची. निजाम सरकारने १९३२ साली रेल्वेच्या जोडीला मोटार वाहतूक सुरू केली, ती अवघ्या २७ बसगाड्यांवर. खुद्द निजामाच्या पदरी मात्र १९१२ सालची पिवळी रोल्स रॉइस होती. मागे सिंहासनासारखी उंच बैठक असलेली. ती शे-दोनशे कोसांच्या पलीकडे फारशी कधी चाललीच नाही. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे.

याउलट कोल्हापूरची गोष्ट पाहा. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली जर्मन मेबॅक गाडी तिथे दसऱ्याच्या सोहळ्यात छत्रपती घराण्यातल्या मंडळींना घेऊन दसरा चौकात येते. लोक दुतर्फा उभे राहून तिला पाहतात, लेकरांना खांद्यावर घेऊन दाखवतात. दोन्ही गाड्या राजांच्याच, पण एक पाहायला तिकीट काढून जावे लागते आणि दुसरी वर्षाकाठी आपण होऊन भेटायला येते. जुनी गाडी जपणे म्हणजे काय, याचे माझे उत्तर कोल्हापूरच्या बाजूचे आहे.

आता आमच्यासारख्यांच्या गाडीकडे येऊ. फोर्ड कंपनीने १९२६ च्या सुमारास आणि जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत सुटे भाग आणून गाड्या जोडायला सुरुवात केली. जोडणी इथली, पण माल सगळा परदेशचा. गाडी इथेच घडली पाहिजे हा ध्यास घेतला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. अमेरिकेच्या क्रायस्लरशी बोलणी केली, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. १९५३ साली वालचंद गेले. त्याच सुमारास सरकारने धोरण ठरवले की, ज्यांना इथे खरोखर गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावे, नुसती जोडणी पुरे. फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेल्या. प्रीमियरने इटलीच्या फियाटचा हात धरला.

पहिल्या काळातली गोलमटोल फियाट आली, तिला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले. नाव ठेवण्यात आपल्या लोकांचा हात कोण धरणार! १९६४ च्या सुमारास फियाट डिलाइट आली, तिचीच पुढे १९७२ च्या आसपास प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीच्या नावावरून पद्मिनी. अंगकाठी तीच, फक्त बारसे तीनदा.

या धोरणाचा एक परिणाम झाला, तो कुणी मनात धरला नव्हता. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि परदेशी गाडी आणणे सामान्याच्या आवाक्यात नव्हते. तेव्हा हाताशी असलेली गाडी जगवणे भाग होते. पार्ट मिळत नसेल तर मिस्त्री तो लेथवर करून घेई, नाही तर दुसऱ्या गाडीचा घासून बसवी. जी गाडी अमेरिकेत दहा वर्षांत भंगारात गेली असती, ती आपल्याकडे तीस-तीस वर्षे चालली. १९५८ च्या 'चलती का नाम गाडी'तली ती खटारा मोटार आठवा. आम्ही तो सिनेमा टुरिंग टॉकीजमध्ये जमिनीवर बसून पाहिला. त्यात तिघे भाऊ गॅरेजवाले आहेत, हे उगाच नव्हे.

पुढे १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. राजवाड्यांतल्या गाड्या विक्रीला निघाल्या, बऱ्याचशा परदेशी शौकिनांनी उचलल्या. नंतर सरकारने अशा जुन्या गाड्या देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. म्हणजे गाड्या उरल्या त्या काही टंचाईमुळे, काही बंदीमुळे. त्या सांभाळणाऱ्यांना मग एकमेकांची गरज पडू लागली, आणि मंडळे निघाली.

मंडळांची चाल मूळची इंग्रजांची. १८९६ साली इंग्लंडात मोटारीपुढे माणूस चालत ठेवण्याची सक्ती उठली, त्या आनंदात मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन अशी फेरी काढली. १९२७ पासून तिची आठवण म्हणून फक्त जुन्या गाड्यांची फेरी निघू लागली. १९३० आणि १९३४ मध्ये तिथे जुन्या गाड्यांचे दोन मोठे क्लब स्थापन झाले. आपल्याकडे दिल्लीत 'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६४ साली अशी रॅली सुरू केली, चार वर्षांनी कलकत्त्यात. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासूनची. पुढे खास जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया निघाला.

या क्लबची एक रॅली मी भाच्याबरोबर हॉर्निमन सर्कलला जाऊन पाहिली आहे. गाड्या चकचकीत होत्याच. बायका नऊवारी नेसून, पुरुष फेटे बांधून बसलेले. पण माझे लक्ष गेले ते मागच्या सीटवर. बहुतेक गाड्यांच्या मागे एक माणूस साध्या शर्टात, मांडीवर पान्यांची पिशवी घेऊन बसलेला. तो मिस्त्री. एक गाडी निघता निघता बंद पडली. तिच्या मागच्या तीन गाड्यांतले तिन्ही मिस्त्री न बोलावता उतरले आणि चौघांची डोकी बॉनेटखाली गेली. मालक बाजूला उभे राहून एकमेकांना शेंगदाणे देत होते. भाचा म्हणाला, "मामा, ही स्पर्धा आहे ना? मग दुसऱ्याची गाडी का दुरुस्त करतात?" मी म्हणालो, "बाबा रे, आमच्या मंडळातही हेच होते."

तर आता आमचे मंडळ. १९९० साली मी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून पांढरी घेतली, सेकंडहँड. पहिल्याच थंडीत लक्षात आले की तिला सकाळी चोक ओढून भागत नाही, धक्का लागतो. धक्क्याला गणिताचे सर आले, चित्रकलेचे सर आले, दवाखान्यातले कंपाउंडर आले आणि आमचे मिस्त्री आले. असे आम्ही पाच. 'धक्का मंडळ' हे नाव गणिताच्या सरांनी ठेवले. नियम दोनच. जो धक्क्याला हात लावणार नाही त्याने चहाचे पैसे द्यायचे, आणि गाडी बंद पडली म्हणून कुणी कुणाला दोष द्यायचा नाही.

रामनवमीला जांब समर्थला, म्हणजे रामदासांच्या जन्मगावी, नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरीला आणि दहावीच्या पेपर तपासणीच्या वेळी जालन्याला, अशा आमच्या फेऱ्या ठरलेल्या. चैत्रातल्या उन्हात पाणी उकळायचे. मग कालव्याजवळ थांबून डब्याने पाणी आणायचे, रेडिएटरवर ओला टॉवेल टाकायचा आणि बाभळीखाली बसून राहायचे. त्या बसण्यात किती गोष्टी झाल्या! मुलींची लग्ने ठरली, बदल्यांची दुःखे निघाली. गणिताच्या सरांनी आपला आजार बायकोच्या आधी आम्हाला सांगितला तो तिथेच. गाडी न थांबता गेली असती तर ते बोलले असते का, मला शंका आहे.

एकदा मिस्त्रींनी सुचवले, "सर, हिला डिझेलचे इंजिन बसवू. पेट्रोल परवडत नाही." तेव्हा ती चालच होती. आपल्या भागातल्या कितीतरी फियाट आणि अँबेसिडर अशाच डिझेलवर गेल्या. माझ्याकडे तेवढे पैसे नव्हते, म्हणून राहून गेले. त्या वेळी मी हळहळलो होतो.

आता कायद्याचे ऐका. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम काढले. वाहन पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ रूपात असले, त्यात फार मोठे फेरफार नसले, तर त्याला 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापराला ते काढायचे नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठीच. नियम चांगला आहे. त्याच वर्षी जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरणही आले. आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले.

आता हिशेब मांडा. पंधरा वर्षांनी गाडी म्हातारी, पन्नास वर्षांनी ती ठेवा. मधली पस्तीस वर्षे तिला कोण सांभाळणार? जुन्या वाहनांची जी जागतिक संघटना आहे, १९६६ साली स्थापन झालेली, ती तीस वर्षांच्या गाडीलाही ऐतिहासिक मानते. आपल्याकडे त्यापुढे आणखी वीस वर्षे वाट पाहायची. श्रीमंताला ते जमते, त्याच्याकडे गॅरेज असते. राजाची मेबॅक वाचेल, यात शंका नाही. पण मास्तरची, कंपाउंडरची, टॅक्सीवाल्याची गाडी या पस्तीस वर्षांच्या ओढ्यातच वाहून जाते. उद्या कुणी विचारले की १९८० साली मराठवाड्यातला माणूस कशातून हिंडत होता, तर दाखवायला काय उरेल? निजामाचे सिंहासन?

आणि आपल्या जिल्ह्यात तर भंगार फार दूर जात नाही. जालना लोखंडी सळयांचे गाव. भट्टीत भंगार वितळते, सळई होऊन बाहेर येते. गावातले कितीतरी स्लॅब जुन्या गाड्यांवर उभे असतील. त्यात वाईट काही नाही, लोखंडाचा तोही पुनर्जन्मच. पण पांढरीने कुणाच्या तरी जिन्यात जाऊन बसावे, हे माझ्या मनाला पटत नाही.

पांढरी २०१३ पर्यंत चालली. मग गणिताचे सर गेले, पाठोपाठ कंपाउंडर गेले. चित्रकलेचे सर मुलाकडे पुण्याला असतात. मिस्त्री इथेच आहेत, पण हात थरथरतात. त्यांचा मुलगा मोटरसायकली दुरुस्त करतो. कार्ब्युरेटर नुसत्या आवाजावरून लावणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नाही. म्हणून गेल्या वर्षभर मी एक उद्योग केला. दर गुरुवारी मिस्त्रींकडे वही घेऊन बसलो. प्लग किती दिवसांनी साफ करायचा, पॉइंट कसा घासायचा, क्लचची तार कुठे अडते, ते सांगत गेले आणि मी उतरवून घेत गेलो. शंभर पानी वही भरली. शेवटच्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "सर, जन्मभर तुम्ही पोरांना लिहून दिलं. आमचं कुणी लिहून घेतलं नव्हतं."

तर चिरंजीव पुतण्या, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. पांढरीला २०२८ साली पन्नास पुरी होतात. पैसे नव्हते म्हणून तिचे इंजिन मूळचेच आहे, त्यामुळे नियमाची ती अट आपण गरिबीतून पार केली आहे. आरसी पुस्तक देवघराखालच्या पत्र्याच्या पेटीत आहे, मिस्त्रींची वही तिच्याच शेजारी. नोंदणीच्या वीस हजारांची वेगळी ठेव मी करून ठेवली आहे. मी तेव्हा असेन किंवा नसेन. तोवर भंगारवाल्याला फाटकाच्या आत घेऊ नकोस, आणि शेळ्या दुसरीकडे बांध.

नंबरपाटी मिळाली की पहिली फेरी रामनवमीला जांबला काढ. पुण्याच्या सरांना बोलाव, मिस्त्रींना मागच्या सीटवर बसव. ती एका किल्लीत सुरू होणार नाही, हे मी आत्ताच सांगतो. धक्क्याला चार जण लागतील. ते तुझे तुला शोधावे लागतील.