पाठ टेकली की

अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत आतून वळवळ सुरू होते. उठून चार पावलं टाकली की ओसरते, आडवं झालं की परत हजर. ही धड कळ नव्हे, मुंग्या नव्हेत, गोळा तर नव्हेच. म्हणून सांगणाराही अडखळतो. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने 1672 मध्ये आपल्या लॅटिन ग्रंथात असे रुग्ण नोंदवले: झोपायला गेले की हातपाय झटकणारे, जणू छळकोठडीत टाकलेले. तरी या तक्रारीला धड ओळख मिळायला पुढची पावणेतीनशे वर्षं गेली. मला वाटतं, यात दवाखान्याच्या वेळेचा वाटा मोठा आहे. वैद्य पाय तपासणार दिवसा, आणि दिवसा ते शहाण्यासारखे पडून असतात. जे दिसत नाही ते मनाचं, हा सोपा निकाल. 1861 मध्ये विटमाक या जर्मन वैद्याने या तक्रारीला ‘नडग्यांची बेचैनी’ असं लॅटिन नाव दिलं आणि हिस्टेरियाच्या खात्यात टाकलं. स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबोम यांनी 1945 मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे ‘रेस्टलेस लेग्ज’ हा आजार म्हणून उभा राहिला. पुढे लोहाच्या कमतरतेशी त्याचं नातंही दिसलं.

दुसरा धागा प्रागचा. तिथल्या हाश्कोवेत्स या वैद्यांनी 1901 मध्ये, बसवत नाही अशा दोन रुग्णांसाठी ‘अकाथिसिया’ हा शब्द घडवला. पन्नास वर्षांनी तो भलत्याच ठिकाणी कामी आला. 1952 पासून मनोरुग्णांना क्लोरप्रोमाझीन हे औषध मिळू लागलं, आणि त्यातले काही जण जागच्या जागी पाय बदलत उभे राहू लागले. ही अस्वस्थता दिवसाही असते, म्हणून एकबोमच्या आजाराहून वेगळी; पण ती मूळ आजाराचीच समजून डोस वाढवला, तर फेऱ्या आणखी वाढतात.

‘रेस्टलेस लेग्ज’ हा आजार औषध कंपन्यांनी फुगवला, असा आक्षेप आहे. रोपिनिरोल या औषधाला 2005 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी परवानगी मिळाल्यावर जाहिराती झाल्या, 2006 मध्ये टीकाही झाली. जाहिरातींबद्दल टीकाकारांचं चुकलं नाही. पण विलिसला कोणत्या कंपनीने शिकवलं होतं? उलट, इलाजच उलटतो ही त्याहून गंभीर बाब आहे. या आजारासाठी लेव्होडोपा घेणाऱ्या अनेकांची वळवळ काही महिन्यांनी रात्रीऐवजी दुपारीच सुरू होते, हे 1996 मध्ये मांडलं गेलं. रोपिनिरोलच्या जातीच्या औषधांतही पुढे तेच दिसलं. मग प्रत्येक वळवळीचं खापर गोळीवर फोडायचं का? नाही. रक्तातलं लोह, मूत्रपिंडं, गर्भारपण, घराण्यातला वारसा, सगळं पाहावंच लागतं, आणि आपल्या मनाने गोळी बंद करणं तर धोक्याचं. पण वळवळ कधी लागली आणि त्याआधी नवीन काय सुरू झालं, हे कोणत्याही यंत्रात उमटत नाही, विचारावंच लागतं. नैराश्यावरच्या काही गोळ्या, उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड यांनीही वळवळ वाढू शकते, पण ही नावं निदान चिठ्ठीवर तरी असतात. डायफेनहायड्रामिनसारखी गुंगी आणणारी सर्दीची गोळी वळवळ वाढवू शकते, आणि ती ‘जरा झोप लागेल’ म्हणून उशाशीच ठेवलेली असते.