असत्याने असत्य शोधता येते काय? : ऑगस्टीन, कॉन्सेन्शियस आणि ख्रिस्ती विवेकाची जडणघडण

प्रस्तावना

खऱ्याखोट्याची आध्यात्मिक पारख हा ख्रिस्ती जीवनातील एक महत्त्वाचा गुण मानला गेला आहे. प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता त्याची परीक्षा करावी, अशी शिकवण नव्या करारातील योहानाच्या पहिल्या पत्रात आढळते. ही पारख म्हणजे दुसऱ्याचे कपट ओळखण्याची शक्ती, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात या समजाला एका प्रत्यक्ष घटनेने आव्हान दिले. पारख करणाऱ्याने प्रथम स्वतःला तपासले नाही, तर तोच कपटाचा वाहक होतो, हे त्या घटनेतून कसे स्पष्ट झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्पेनमधील प्रिसिलियन या धर्मोपदेशकाला इ.स. ३८५ च्या सुमारास ट्रियर येथे देहदंड देण्यात आला. त्यानंतर त्याच्या अनुयायांना उघडपणे वावरणे कठीण झाले. पंथाचे रहस्य राखण्यासाठी असत्य बोलण्यास ते मुभा देतात, असा आरोप त्यांच्यावर होता. बॅलेरिक बेटांवर राहणाऱ्या कॉन्सेन्शियस याने त्यांना उघडे पाडण्यासाठी एक युक्ती योजली. आपण त्याच पंथाचे आहोत असे भासवून त्यांच्यात शिरावयाचे आणि नावे काढून घ्यावयाची, अशी ती युक्ती होती.

योहानेस डिव्याक यांना सापडलेला पत्रसंग्रह १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील कॉन्सेन्शियसच्या पत्रामुळे या प्रकरणाचा तपशील उपलब्ध झाला. तारागोना येथील फ्रोन्टो नावाच्या संन्याशाने पाखंडी असल्याचे सोंग घेतले व एका स्त्रीकडून गुप्त माहिती मिळविली. आरोप झालेल्यांत वजनदार माणसांचे आप्त होते. पुढे खोट्या शपथा, प्रतिआरोप आणि बनवाबनवी यांचा असा गुंता झाला की, अखेरीस फ्रोन्टोलाच आर्ल येथे जावे लागले.

ऑगस्टीनची भूमिका

असत्याचा प्रश्न ऑगस्टीनला नवा नव्हता. इ.स. ३९५ च्या सुमारास त्याने या विषयावर एक प्रबंध लिहून असत्याचे आठ प्रकार सांगितले होते. मनात एक व वाणीत दुसरे ठेवून फसविण्याचा हेतू बाळगणे, हे त्याच्या मते असत्याचे मूळ होय. त्यामुळे चुकीचे विधान खरे समजून करणारा मनुष्य चुकतो, पण खोटे बोलत नाही. या प्रबंधात त्याने थागास्तेचा पूर्वीचा बिशप फिर्मुस याची कथा दिली आहे. आश्रयास आलेल्या माणसाचा ठावठिकाणा राजपुरुषांनी विचारला असता, आपण खोटेही बोलणार नाही व त्या माणसाला धरूनही देणार नाही, असे फिर्मुसने सांगितले व त्यासाठी यातना सोसल्या. सत्य सांगण्यास नकार देणे व असत्य बोलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद येथे महत्त्वाचा ठरतो.

कॉन्सेन्शियसला उद्देशून इ.स. ४२० च्या सुमारास लिहिलेल्या दुसऱ्या प्रबंधात हाच विचार अधिक कठोर होतो. असत्य क्षम्य मानणे हाच ज्यांचा दोष, त्यांना पकडण्यासाठी असत्य बोलणे म्हणजे त्यांचेच मत स्वीकारणे होय. पाखंडी मनुष्य अज्ञानाने चुकतो; त्याचे सोंग घेणारा जाणूनबुजून धर्मनिंदा करतो. श्रद्धा लपविण्यासाठी खोटे बोलणे योग्य असेल, तर हुतात्म्यांचे बलिदान व्यर्थ ठरते. शिवाय, एकदा खोटे बोललेल्या माणसाच्या पुढील शब्दांवर कोणी व का विश्वास ठेवावा?

तथापि ऑगस्टीनने हा प्रश्न सोपा मानला नाही. मरणोन्मुख पित्याने आपल्या मुलाची खुशाली विचारली आणि मुलगा तर आधीच मरण पावला आहे, असा प्रसंग तो मांडतो. सत्य सांगितल्यास पित्याचे प्राण जाण्याचा संभव आहे. या प्रसंगाने आपले मन हेलावते, हे तो मान्य करतो. परंतु अनुकंपेपोटीही असत्याला वाट देत नाही.

कॅसियनचे वेगळे मत

सर्व ख्रिस्ती विचारवंतांना ही भूमिका मान्य नव्हती. त्याच दशकात जॉन कॅसियन याने इजिप्तमधील तपस्व्यांचे संवाद लिहिले. त्यातील योसेफ नावाचा तपस्वी असत्याला विषारी वनौषधीची उपमा देतो. प्राणघातक व्याधीत ती उपयोगी पडेल, एरवी मात्र मारकच ठरेल. याच ग्रंथात मोशे नावाचा तपस्वी विवेकी मनुष्याची तुलना सराफाशी करतो. सराफ सोने शुद्ध आहे की नुसते चकाकते, ठसा अधिकृत आहे की नाही, वजन पुरते आहे काय, गंज चढला आहे काय, हे पाहतो. मराठीतही 'पारख' व 'खोटे' हे शब्द नाण्याला आणि माणसाला सारखेच लागू पडतात. मात्र मोशेचा सराफ तपासतो ती नाणी दुसऱ्याच्या थैलीतील नसून स्वतःच्या मनात उठणाऱ्या विचारांची आहेत. असत्याविषयी मतभेद असूनही विवेकाचा आरंभ अंतःकरणापासून होतो, याबाबत ऑगस्टीन व कॅसियन यांच्यात अंतर दिसत नाही.

समारोप

इतिहासाच्या अभ्यासकासाठी या प्रकरणात एक मार्मिक धडा आहे. तारागोनाच्या घटनेची माहिती मुख्यतः फ्रोन्टोच्या निवेदनावर आधारलेली असून ती कॉन्सेन्शियसच्या पत्रातून आपल्यापर्यंत येते. म्हणजे सोंग घेणारा व ते घ्यावयास लावणारा, हेच आपले साक्षीदार आहेत. त्यांच्या शब्दांवर किती विसंबावे, हा ऑगस्टीनने विचारलेला प्रश्न सोळा शतकांनंतर संशोधकापुढेही तसाच उभा राहतो. चांगल्या हेतूने बोललेल्या असत्याने त्यांच्या सत्यालाही संशयास्पद केले आहे.

उलट, आयुष्याच्या अखेरीस स्वतःच्या ग्रंथांचे परीक्षण करताना ऑगस्टीनने आपला पहिला प्रबंध दुर्बोध असल्याचे व तो नष्ट करण्यास आपण सांगितले होते, हे नमूद केले आहे. स्वतःच्या लेखनालाही कसोटीवर घासण्याची ही तयारी, हेच त्याने प्रतिपादिलेल्या विवेकाचे प्रत्यक्ष उदाहरण होय.